जुन्या ठाण्याची पायी फेरी : चारशे रुपयांत काय मिळाले

नौपाड्यात ३१ वर्षे राहूनही ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीकडे मी कधी नीट पाहिले नव्हते. रिक्षा तिच्या कडेने वळते, एवढाच काय तो परिचय. त्यामुळे रविवारी सकाळी जुन्या ठाण्यातून पायी फिरवून आणणाऱ्या एका छोट्या गटाची माहिती शेजारणीने पाठवली, तेव्हा माणशी ४०० रुपये भरून आम्ही दोघांनी नावे नोंदवली. गटाचे नाव मुद्दाम देत नाही. पुढे काही तक्रारी आहेत आणि मंडळी अजून नवखी आहेत.

स्थानकाच्या पश्चिमेला पावणेसातला जमायचे होते, निघालो सव्वासातला. आम्ही २६ जण होतो आणि वाटाड्याजवळ ध्वनिवर्धक नव्हता, त्यामुळे मागच्या सात-आठ जणांना पहिला अर्धा तास फक्त बसचे भोंगे ऐकू आले. जे ऐकू आले, तेही ओळखीचे होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली, १४ डब्यांतून सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन आलेली आणि साहिब, सिंध व सुलतान या तीन इंजिनांनी ओढलेली देशातली ती पहिली प्रवासी गाडी ठाणेकराला शाळेपासून पाठ असते. सगळी फेरी असे पाठांतर ऐकण्यातच जाणार, अशी धास्ती वाटली.

ती चेंदणी कोळीवाड्यात गेल्यावर दूर झाली. तिथे वाटाड्याने स्वतः बोलणे थांबवले आणि ओट्यावर बसलेल्या एका वृद्ध कोळी आजींना बोलते केले. लोहमार्गामुळे चेंदणीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, हे मला नकाशावरून माहीत होते. पण एकाच गावातल्या भावकीला लग्नाचे बोलावणे करायचे तर ‘रुळापलीकडे’ वेगळी फेरी मारावी लागते, सासूबाई डोक्यावर पाटी घेऊन रूळ ओलांडताना आधी कोणत्या बाजूला पाहायला सांगत, सासरे मिठागरात खपून आले की पायाच्या भेगांना काय लावत, हे त्यांच्याकडूनच कळले. मग वाटाड्याने फक्त दोन वाक्ये जोडली : १८५४ मध्ये खाडीवरच्या पुलावरून गाडी कल्याणला गेली आणि पूर्वेचा मीठबंदर रस्ता आजही त्या मिठाचे नाव बाळगून आहे. त्या ४०० निमंत्रितांच्या थाटाचे वर्णन मी अनेकदा वाचले आहे. त्याच रुळांमुळे आपल्या गावात काय बदलले, हे सांगणारे माणूस मात्र मला पहिल्यांदाच भेटले. दुर्दैवाने या थांब्याला मोजून पंधरा मिनिटे दिली होती. आजी वाक्याच्या मध्यावर असताना आम्हाला उठवले गेले, ते मला मुळीच आवडले नाही.

कारागृहाच्या आत अर्थातच जाता येत नाही, बाहेरूनच ऐकायचे. हा मुळात पोर्तुगिजांनी उभारायला घेतलेला किल्ला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतलेला. गटाने दिलेल्या पुस्तिकेत मात्र तो ‘मराठ्यांनी बांधलेला’ असे छापले आहे, आणि पैसे घेऊन इतिहास सांगणाऱ्यांनी ही चूक पुढच्या छपाईपूर्वी दुरुस्त करायलाच हवी. १७८७ मध्ये याच किल्ल्यात खोदकाम करताना शिलाहार राजा अरिकेसरीचा शके ९३९ चा ताम्रपट सापडला, हे पुस्तिकेत आहे व ते बरोबर आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी येथेच फाशी दिली गेली. हा भाग वाटाड्याने आवाज न चढवता सांगितला आणि त्यामुळेच तो मनाला लागला.

इथे इंग्रजांच्या कैदेत असलेले दुसऱ्या बाजीराव पेशव्याचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांच्या पलायनाचे मात्र त्याने नाटक केले. १८१६ च्या सप्टेंबरात ते येथून निसटले, हा इतिहास आहे. पहारेकरी गोरे, त्यांना मराठी येईना, आणि एका साहेबाच्या पागेतला मोतद्दार घोडा खरारा करताना गाण्यातून सुटकेचा बेत खिडकीखाली ऐकवत असे, ही त्या काळच्या इंग्रजांनी लिहून ठेवलेली हकीकत आहे. ती रंगवून जरूर सांगावी, एका नोकराच्या भाषेने किल्ल्याचा पहारा फसवला ही गोष्ट कोणाला आवडणार नाही. पण नोंद कुठे संपते आणि गोष्ट कुठे सुरू होते, हे श्रोत्याला सांगायला हवे होते. समोरच्या टपरीवाल्याने याहून प्रामाणिक साक्ष दिली : त्याच्या लेखी हा किल्ला म्हणजे मुलाखतीच्या दिवशी पिशव्या घेऊन ताटकळणारे नातेवाईक आणि त्यांचा न संपणारा अर्धा-अर्धा चहा.

टेंभी नाक्याजवळचे १८७९ चे ‘शाआर हाशमाईम’, म्हणजे ‘स्वर्गाचे द्वार’, हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आम्ही पूर्वपरवानगीने आतून पाहिले. तेथील एका ज्येष्ठ बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यू समाजातल्या, गृहस्थांनी अलिबागकडच्या अस्सल मराठीत आपल्या समाजाची ओळख करून दिली. तेलघाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली. किहीमचे ते किहीमकर, पेणचे ते पेणकर. गोड पोह्यांच्या मलिद्याची कृती त्यांनी दोनदा सांगितली, कारण आमच्यातल्या तिघींनी ती लिहून घेतली. माझ्या मते सबंध सकाळीतला हा सर्वांत नीट बेतलेला थांबा होता.

कोपिनेश्वराचे मंदिर आणि तलावपाळी यांविषयी लिहिण्यासारखे फार नाही. तिथे चहा आणि छायाचित्रे यांतच २५ मिनिटे गेली, जी कोळीवाड्याला देता आली असती. शेवट मराठी ग्रंथसंग्रहालयापाशी झाला. १ जून १८९३ ला सुरू झालेल्या या संस्थेची आणि संस्थापकांपैकी विनायक लक्ष्मण भावे यांची माहिती देईपर्यंत सूर्य डोक्यावर आला होता आणि निम्मी मंडळी पाणी शोधत होती. तीन तासांत स्वच्छतागृहासाठी एकही थांबा ठेवलेला नाही, ही गोष्ट गुडघे दुखणाऱ्या किंवा साठी ओलांडलेल्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. लहान मुलांना आणू नये. दहा वर्षांपुढची मुले कोळीवाड्यात आणि सिनेगॉगमध्ये रमली.

पाचपैकी साडेतीन गुण. अर्धा गुण पुस्तिकेने घालवला, एक वेळेच्या नियोजनाने. याच गटाची पूर्वेकडची, मीठबंदर ते खाडीकिनारा अशी फेरी पुढच्या महिन्यात आहे आणि तिच्यासाठी मी नाव नोंदवले आहे. आजींची धाकटी जाऊ तिथेच, रुळापलीकडे राहते. अर्धवट राहिलेले वाक्य तिला विचारता येईल.