एफ वन दाबायला सांगलीला जाणं थांबलं

मी साताऱ्यात, गोडोलीत राहते. माझं एक जुनं गिऱ्हाईक सांगलीत आहे, हळद-बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज. त्यांच्या ऑफिसच्या कोपऱ्यात एक असेंबल केलेला सर्व्हर आहे, टॅली आणि मालाची आवक-जावक सगळी त्यावर. रात्री लाइट गेली आणि यूपीएसनं मान टाकली की सकाळी दिवाणजींचा फोन ठरलेला.

"ताई, काळ्यावर पांढरी अक्षरं आल्यात."

"एफ वन दाबा दिवाणजी."

"दाबलं की. काय होईना."

तीन वेळा असं झाल्यावर एसटी धरली. कराड, पेठ नाका, आष्टा, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. जाऊन बघते तर मदरबोर्डवरचा सेल संपलेला, मशीन एफ वनची वाट बघत थांबलेलं, आणि दिवाणजी आधी एफ दाबून मग एक दाबत होते. चाळीस रुपयांचा सेल बदलला, चहा घेतला, परत आले. त्याच आठवड्यात पायकेव्हीएम, म्हणजे लांबून मशीनचा पडदा आणि कीबोर्ड हाताळू देणारी पेटी, बसवायचं ठरवलं. आता वापरून दीड वर्ष होत आलं, म्हणून लिहितेय.

लांबून कॉम्प्युटर चालवायला एनीडेस्कचं सॉफ्टवेअर असताना हे कशाला, असं बरेच जण विचारतात. एनीडेस्क विंडोज चालू झाल्यावर. त्याच्या आधी मशीन बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, अडकलं तर ते काय करणार? कंपनीच्या सर्व्हरमध्ये यासाठी बोर्डावर वेगळी चिप असते, डेलचं आयड्रॅक, एचपीचं आयलो. आयपीएमआय हे त्यामागचं मानक १९९८ पासूनचं आहे, म्हणजे कल्पना नवी नाही. पण असेंबल मशीनला ती चिप कुठून येणार? पायकेव्हीएम तेच काम बाहेरून करतं. त्यातला रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर सर्व्हरच्या मॉनिटरचं चित्र पकडतो आणि सर्व्हरला सांगतो की मी कीबोर्ड-माउस आहे. मी साताऱ्यात ब्राउझर उघडते आणि बायोस समोर. सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे, फुकट. तयार पेटीही मिळते, पण मी सुटे भाग घेऊन जोडली, सगळं मिळून नऊ हजारांच्या आत.

जोडणीत दोन ठिकाणी घाम निघाला. पाय ४ मध्ये वीज आणि यूएसबीचा डेटा एकाच टाइप-सी तोंडातून जातो, त्यामुळे दोन्ही वेगळे करणारी दुतोंडी वायर लागते. ती नसेल तर पायची वीज सर्व्हरच्या यूएसबीवर अवलंबून राहते, आणि सर्व्हर पडल्यावर पेटीही पडली तर उपयोग काय? दुसरं म्हणजे पॉवरचं बटण. सर्व्हरच्या पुढच्या बटणाच्या पिना जिथे बोर्डावर येतात तिथे छोटे रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारे स्विच, मध्ये घालायचे. सोल्डरिंग माझ्या हाताला जमत नाही, ते पोवई नाक्याजवळ टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांनी करून दिलं. "हे कशाचं, बॉम्बचं का?" म्हणाले. पण पैसे वसूल झाले ते याच भागात. मशीन पार गोठलं तरी साताऱ्यातून बटण दाबून धरता येतं, आणि पॉवरचा दिवा खरंच विझला का हे पानावर दिसतं.

मार्चमध्ये सर्व्हर दिवसाआड निळा पडदा दाखवायला लागला. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टची फाइल पेटीत चढवली, सर्व्हरला वाटलं कोणी पेनड्राइव्ह लावलाय. रात्री लावून झोपले, सकाळी लाल ओळींची रांग. रॅम गेलेली. आता दोनपैकी कोणती पट्टी, हे एक काढल्याशिवाय कळत नाही, आणि पेटीला काही हात नाहीत. जावं लागलंच. पण नवी पट्टी पिशवीत घालून गेले. आधी याच कामाला दोन फेऱ्या झाल्या असत्या.

खोडी आहेत. सर्व्हर जुना, मॉनिटरला फक्त जुनं व्हीजीए तोंड, म्हणून एचडीएमआयचं कन्व्हर्टर लावावं लागलं. पहिलं स्वस्तातलं घेतलं, ते तापून महिन्यात गेलं. आताचं चांगलं आहे, तरी पडद्याचं रिझोल्यूशन बदललं की दोन-तीन सेकंद चित्र जातं, आणि बायोसमध्ये शिरायला नेमकं तेव्हाच डिलीट दाबायचं असतं. मी चित्राची वाट न बघता दाबत सुटते. बायोसमध्ये माउस भलतीकडे पळाला तर सेटिंगमध्ये रिलेटिव्ह करा, मला हे कळायला एक संध्याकाळ गेली. पेटी आणि राउटरला वेगळा छोटा यूपीएस द्या. लाइट वारंवार गेली तरी मेमरी कार्ड खराब होत नाही, कारण सिस्टिम त्यावर एरवी काही लिहीतच नाही. आपल्याकडे ही मोठी सोय.

आणि पासवर्ड! सुरुवातीला नाव आणि पासवर्ड दोन्ही अ‍ॅडमिनच असतं. ते बदला, आतल्या रूट या मुख्य खात्याचाही बदला, आणि राउटरवर पोर्ट उघडून पेटी थेट इंटरनेटवर टांगू नका. मी टेलस्केलमधूनच जाते, ते आपल्याच मशीनपुरतं खाजगी जाळं. ही पेटी ज्याच्या हातात, तो सर्व्हरसमोर खुर्ची टाकून बसल्यासारखाच.

पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांकडे सरकायला लागलं. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं तिथे कोणी विसरलेलं नाही. रात्री अकराला मालक म्हणाले, सर्व्हर माडीवर नेतो. मी इथून टॅली बंद केलं, विंडोज बंद केलं, दिवा विझेपर्यंत थांबले आणि फोनवर म्हटलं, "उचला."

चार दिवसांनी पाणी उतरल्यावर दिवाणजींनी सगळ्या वायरी परत लावल्या. मला चित्र स्वच्छ दिसत होतं, पण कीबोर्डचं एक बटण लागेना. अर्धा तास मी सेटिंग उकरत बसले. शेवटी व्हिडिओ कॉलवर टेबलाखाली बघितलं. सर्व्हरमध्ये जायची यूएसबी वायर दिवाणजींनी मोबाइलच्या चार्जरमध्ये खुपसली होती.

"बसली की ओ ताई त्यात बरोबर," म्हणाले.