बदल करताना कुणीच नको, बदल काढताना आजीच हव्यात

रिव्ह्यू कशाचा ते आधी सांगते. माझ्या सासूबाईंच्या पोस्टपेड नंबरवर त्यांना न विचारता प्लॅन बदलला गेला, कॉलर ट्यून लागली आणि खात्यावर कुणाचा तरी परका मोबाईल नंबर चढला. ते निस्तरताना कंपनीचं ॲप, कॉल सेंटर, सांगलीतली गॅलरी (म्हणजे त्यांचं दुकान) आणि शेवटी अपील, अशी सगळी दारं फिरून झाली. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही. नाव दिलं की लोक म्हणतात, "आमची कंपनी चांगली आहे बाई," आणि पुढचं वाचत नाहीत.

आईंचं वय अठ्ठ्याहत्तर. फोन बटणांचा. प्लॅन ३९९ चा, जीएसटी धरून बिल ४७० रुपये ८२ पैसे. मी एका मेडिकल स्टॉकिस्टकडे हिशेब बघते, त्यामुळे बिलाच्या पैशांकडेसुद्धा लक्ष जातं. वर्षानुवर्षं तेच ८२ पैसे. आणि एका महिन्यात बिल आलं ७०५ रुपये ६४ पैसे. उघडून पाहिलं तर प्लॅन ५४९ चा झालेला, खाली व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिसचे, म्हणजे त्या कॉलर ट्यूनचे, ४९, वर १८ टक्के जीएसटी. नव्या प्लॅनमध्ये सिनेमे बघायचं ॲप फुकट आणि भरपूर फाइव्ह-जी डेटा. बटणांच्या फोनवर!

ट्यूनचा पत्ता त्याआधीच लागायला हवा होता, पण आपली कॉलर ट्यून आपल्याला कधी ऐकू येत नाही. भजनी मंडळातल्या बायकांना मात्र रोज येत होती. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेवर वाजतं तसलं गाणं. आईंनीच हौसेने लावलंय असं समजून कुणी विचारलंही नाही.

ॲपपासून सुरुवात केली. ॲपमध्ये प्लॅन वाढवायला एक बटण आहे, मोठं, रंगीत. कमी करायला बटण नाही, "आमच्याशी बोला" आहे. तिथे बोलायला गेलं की यंत्र उत्तर देतं, आणि माझ्या तीन ओळींच्या तक्रारीवर त्याने मला आणखी महागडा प्लॅन सुचवला. ॲपबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

ट्यून मात्र पटकन गेली. आईंच्या फोनवरून १५५२२३ लावला. पैसे कापणाऱ्या अशा सेवा बंद करायचा हा नंबर, सगळ्या कंपन्यांना एकच, टोल फ्री. मेनू ऐकायचा, आकडा दाबायचा, बटणांच्या फोनवरूनही होतं. हे काम चोख आहे, त्याला पूर्ण मार्क. ट्रायच्या, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाच्या, २०१३ च्या आदेशाप्रमाणे अशी सेवा सुरू करताना ग्राहकाची दोनदा संमती घ्यायची असते. आईंच्या इनबॉक्समध्ये एकदाचीही नव्हती, आणि आई मेसेज पुसत नाहीत, त्यांना ते येतच नाही.

मग १९८, म्हणजे तक्रारीचा नंबर. पलीकडची मुलगी गोड बोलली. "मॅडम, कुणाची तरी ट्यून ऐकताना आजींकडून स्टार दाबला गेला असेल." स्टार दाबून ट्यून कॉपी होते हे खरं. पण स्टार दाबून प्लॅन बदलतो का, असं विचारल्यावर तिने लाइन होल्डवर टाकली. परत आली ती ऑफर घेऊन : शंभर रुपये गुडविल म्हणून पुढच्या बिलात वळते करते. फरक २३४ रुपये ८२ पैशांचा. माझेच पैसे, त्यातले निम्म्याहून कमी परत, आणि वर नाव गुडविल. मी नको म्हटलं आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागितला. तो मागितल्याशिवाय मिळत नाही असा माझा अनुभव. द्यायला हवा, पण बोलण्याच्या ओघात राहून जातो म्हणे. गुडविल घेतलं असतं तर तक्रार तिथेच "ग्राहकाच्या संमतीने बंद" झाली असती, हे मला गॅलरीतल्या मुलाने नंतर सांगितलं.

आता गॅलरी. इथे जरा थांबते, कारण खरी गंमत इथेच आहे.

काचेचं दार, टोकन, एसी, बसायला निळे सोफे. मी आईंचं आधार कार्ड, बिल आणि त्यांच्या सहीचं पत्र घेऊन गेले होते. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, खातेदार स्वतः लागतील. मी म्हटलं, अरे, गुडघे दुखतात त्यांचे. म्हणाला, मॅडम, सिक्युरिटी आहे. हे वाक्य त्याने इतक्या निरागसपणे म्हटलं की मला रागही येईना. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून आईंना आणलं. आधार तपासलं, मग त्याने मोबाईल आईंच्या तोंडासमोर धरला, लाइव्ह फोटोसाठी. "आजी, डोळे मिचकावा." आईंनी मिचकावले. नीट आले नाहीत, परत मिचकावा. परत मिचकावले. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा आई म्हणाल्या, "बाळा, ते गाणं लावलंत तेव्हा माझे डोळे कुणी बघितले होते?"

शेजारच्या टोकनवाल्यांनाही हसू आवरेना. मुलगा भला होता. त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवली, जे त्याने बहुधा करायचं नसतं. प्लॅन बदलल्याची तारीख, वेळ दुपारी दोनच्या सुमाराची, पुढे चॅनेलच्या रकान्यात "टेलिसेल्स", आणि संमतीच्या रकान्यात "आयव्हीआर". म्हणजे फोन आला, यंत्र काहीतरी बोललं आणि कुणीतरी एक दाबला, असं कंपनीचं म्हणणं. दुपारी दोनला आई झोपलेल्या असतात आणि फोन देवघरातल्या फळीवर चार्जिंगला असतो. त्याच दिवशी "पर्यायी संपर्क" या रकान्यात एक मोबाईल नंबर भरलेला. आमच्या घरातला, नात्यातला, शेजारपाजारचा कुणाचाच नाही. प्लॅनचे पैसे परत मिळतील न मिळतील, पण हा नंबर बघून माझ्या पोटात गोळा आला. आईंची पेन्शन, बँक, गॅस, सगळं त्या एका सिमवर आहे.

तो नंबर मुलाने तिथल्या तिथे काढला आणि प्लॅन पुढच्या बिलापासून जुना केला. तो परका नंबर कुणी भरला, हे मात्र त्यालाही दिसत नव्हतं. काळजीपोटी म्हणाला, नवीन सिम देऊ का, फ्री आहे. सिम बदलून खात्यावरचं काहीच बदलत नाही, वर नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे बँकेचा ओटीपीही नाही. आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नियमाने सिम बदललं की ७ दिवस पोर्टिंगचा, म्हणजे नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत जायचा, कोडही मिळत नाही. हे दोन्ही नियम चांगले आहेत, सिम स्वॅप करून खातं धुऊन नेणाऱ्यांसाठीच केलेत. पण आमचं सिम कुणी पळवलंच नव्हतं. नको म्हटलं.

घरी येऊन संचार साथीवर बघितलं. सरकारच्या दूरसंचार विभागाचं पोर्टल, मे २०२३ पासून चालू आहे. मोबाईल नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती कनेक्शन आहेत ते दिसतं, आणि प्रत्येकापुढे आपला नाही, नको आहे, हवा आहे, असं कळवता येतं. आईंच्या नावावर एकच निघालं. तेवढीच झोप लागली. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर हे आजच करून टाका, बिल वाढायची वाट बघू नका.

तोवर १९८ ची तक्रार "निकाली" निघाल्याचा मेसेज आला. काय निकाल, ते नाही. बिलातले नेहमीचे ४७० रुपये ८२ पैसे मी भरले होते, वादातले राहू दिले, तर वसुलीचे फोन सुरू झाले. तेही आईंना. "आजी, आउटगोइंग बंद होईल." यांची माणसं इतक्या तत्परतेने फोन करू शकतात हे मला तेव्हा कळलं.

मग अपील. हे फार कमी लोकांना ठाऊक असतं आणि कंपनी ते वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात ठेवते. प्रत्येक मोबाईल कंपनीला सर्कलनिहाय, म्हणजे तिच्या प्रत्येक सेवा विभागासाठी, अपिलेट ऑथॉरिटी (अपील ऐकणारा अधिकारी) ठेवावी लागते. पहिल्या तक्रारीने समाधान झालं नाही तर डॉकेट नंबर देऊन ३० दिवसांत अपील करायचं. फी नाही, वकील नाही, ईमेल चालतो, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. मी राग आवरून अर्धं पान लिहिलं. तीनच मागण्या : संमतीचं रेकॉर्डिंग ऐकवा, परका नंबर कुणी भरला ते कळवा, २३४ रुपये ८२ पैसे बिलातून वजा करा. दोन्ही बिलं जोडली. फोन कुठल्या बनावटीचा आहे तेही लिहिलं.

मुदतीच्या आत उत्तर आलं. सगळी रक्कम पुढच्या बिलात वजा, वसुलीचे फोन थांबले, टेलिसेल्सच्या यादीतून नंबर काढल्याचं लेखी कळवलं. रेकॉर्डिंगबद्दल "उपलब्ध नाही". परक्या नंबरबद्दल एक अक्षर नाही. यावर ग्राहक आयोगात जाता येईल. मोबाईल कंपनीविरुद्ध तिथे जाता येतं का, हा जुना वाद सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ग्राहकाच्या बाजूने निकाली काढलाय. आमचे हे म्हणतात, जाऊ दे आता. मी अजून ठरवलेलं नाही. रेकॉर्डिंग नव्हतं तर मग संमती होती हे कंपनीने कशावरून ठरवलं, हा प्रश्न मला काही सुटत नाही.

पाचपैकी दोन तारे. एक गॅलरीतल्या त्या मुलासाठी, एक अपिलासाठी. ॲपला आणि कॉल सेंटरला काही नाही. पोर्ट करायला पोस्टपेडची थकबाकी शून्य लागते, म्हणून दुरुस्त झालेलं बिल हातात येईपर्यंत थांबलोय. ते आलं की १९०० ला मेसेज. आई म्हणतात नंबर तोच राहू दे, बाकी काय करायचं ते करा.