डोक्याची बॅटरी: उजेड फक्कड, बटणाचा वैताग

सिडनीत लेन कोव्ह नदीकाठच्या जंगलात आम्ही काही हौशी मंडळी रात्री प्राणी मोजायला जातो. मानधन नाही, चहा आपापला. त्यासाठी 39 डॉलरला डोक्याला लावायची बॅटरी घेतली. चार फेऱ्या झाल्यात, आता बोलायला हरकत नाही.

उजेड फक्कड आहे. पट्टाही सरकत नाही. आणि अशा कामाला बॅटरी कपाळावरच हवी, कारण पॉसमच्या, म्हणजे झाडावर राहणाऱ्या पिशवीवाल्या प्राण्याच्या, डोळ्यांवर पडलेला उजेड जिथून आला तिथेच परत फिरतो. हातातली बॅटरी कमरेपाशी धरून फिरलो तेव्हा झाडं नुसती झाडंच दिसली. कपाळावरून टाकला तर निलगिरीच्या शेंड्यात दोन लालसर निखारे पेटतात. मग पॉसमची जात ओळखायला शेपटी बघायची: टोक पांढरं आणि वेटोळं असेल तर रिंगटेल, काळी झुपकेदार असेल तर ब्रशटेल. गवतात हिरवे-निळे ठिपके लुकलुकले तर मोजू नका, ते कोळी. मी पहिल्या रात्री मोजले होते.

आता दुखणं. जनावर बुजू नये म्हणून जवळ गेलं की लाल दिवा लावायचा असतो. हिला बटण एकच. आधी भक्क पांढरा, मग मंद, मग लाल. मे महिन्यात पॉवरफुल आउल, म्हणजे ऑस्ट्रेलियातलं सगळ्यात थोराड घुबड, पायवाटेवरच्या फांदीवर बसलेलं, पंजात अर्धा पॉसम. मी अंधारात बटण दाबलं आणि पहिला झोत थेट त्याच्या तोंडावर. गेलं उडून, पॉसमसकट. गटप्रमुख बाई काही बोलल्या नाहीत, हेच जास्त लागलं.

लाल उजेडात लाल पेनाने नोंदीही करू नका, कागद कोराच दिसतो. हा दोष बॅटरीचा नाही, माझा.

आमचे अण्णा खटावला रात्रीची लाइट आली की अशीच बॅटरी लावून कांद्याला पाणी धरायला जातात. व्हिडिओ कॉलवर माझी दाखवली, तर म्हणाले, "तीनदा दाबायचं? तवर साप घरी जाईल की!"

लाल दिव्याला वेगळं बटण असलेली मिळाली तर तीच घ्या. मी सध्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद रबरबँडने अडकवतो. दहापैकी सहा गुण, त्यातला एक जिलेटिनचा.