मनी प्लांटसाठी काथ्याची मॉस स्टिक

वेल चढवायला कुंडीत लावतात त्या मॉस स्टिकच्या नावात मॉस असलं तरी या काठीत बहुतेकदा शेवाळ नसतं. प्लॅस्टिकच्या पाइपवर नारळाचा काथ्या गुंडाळलेला असतो. खरी अडचण तिथेच आहे. काथ्या पाणी फार वेळ धरत नाही, आणि कोरड्या काठीला मनी प्लांटची हवाई मुळं, म्हणजे खोडातून हवेत फुटणारी मुळं, सहसा चिकटत नाहीत. वेल नुसती दोऱ्याच्या आधाराने उभी राहते, पानं लहानच राहतात. म्हणून काठीवर रोज वरून खालपर्यंत फवारा हवा. पाणी ओतू नका. ते थेट कुंडीत उतरतं, माती चिखल होते, मुळं कुजून खालची पानं पिवळी पडतात.

काठी कुंडी बदलतानाच बसवा, तळापर्यंत. नंतर खुपसली तर मुळं तुटतात आणि वेल वाढली की काठी कलते. मऊ दोरी पेराजवळच्या (पान फुटतं त्या गाठीजवळच्या) खोडाला सैल बांधा, पानाच्या देठाला कधीच नाही. मुळं पेरातूनच फुटतात, म्हणून पेर काथ्याला टेकलेलं हवं.

दोन फुटांपर्यंतच्या वेलीला ही काठी चालेल. मोठी पानं हवी असतील तर जाळीत ओलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं खरं शेवाळ, भरलेली काठी कितीतरी सरस.