ज्यान दिलमान बघायचा की द ग्रेट इंडियन किचन?

दोन्ही सिनेमांत बाईचं घरकामच आहे, पण अनुभव एकदम वेगळा. बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकेरमानचा ज्यान दिलमान १९७५ चा, २०१ मिनिटांचा, आणि त्यात ब्रुसेल्समधली एक विधवा तीन दिवस बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरूण आवरते, मुलाला वाढते, दुपारी पैसे देणारं गिऱ्हाईक येतं तेही त्याच टाइमटेबलात बसवते. कॅमेरा हलत नाही, बॅकग्राउंड म्युझिक नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजले ना की आपल्याच पोटात गोळा येतो, इतके आपण तिच्या सवयीत अडकलेलो असतो. २०२२ मधे साइट अँड साउंड या ब्रिटिश सिनेमा मासिकाच्या मतदानात समीक्षकांनी आजवरच्या सर्वोत्तम सिनेमांत याला पहिला नंबर दिला तो उगाच नाही.

दिग्दर्शक जिओ बेबीचा मल्याळम किचन (२०२१) शंभरेक मिनिटांत संपतो, राग सरळ समोर. सासऱ्यांना भात चुलीवरचाच हवा, सिंकचा पाइप गळतोय आणि नवरा प्लंबरला सांगायचं रोज विसरतो. आईला सोबत घेऊन बघायचा तर हाच, सबटायटल वाचायच्या आधीच तिला सगळं कळेल.

मला स्वतःला ज्यानच जास्त आवडतो, पण तो मोबाइलवर तुकड्यातुकड्यात बघू नका प्लीज. पुण्यात लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हमधे कधी लागलाच तर सुट्टी टाकून जा, नाहीतर घरी फोन बंद ठेवून एका बैठकीत. असा स्लो सिनेमा पहिल्यांदाच बघणार असाल तर आधी किचन, मग हा.