परदेशी जोडीदार: बिऱ्हाड कुणाच्या देशात?

दोन देशांतली माणसं लग्न करतात तेव्हा एकाला परकं व्हावंच लागतं. तिसऱ्या देशात गेली तर दोघांना. तरी कुठे राहायचं याची चर्चा पगार, हवा आणि कुणाचे आईवडील जास्त थकलेत याभोवतीच घुटमळत राहते. हे मुद्दे खोटे नाहीत, पण मी पहिला प्रश्न वेगळा ठेवीन. जो परका होणार आहे त्याच्याकडून जोडीदाराचा आधार उद्या काढून घेतला, तर तो त्या देशात राहू शकतो का? कमवू शकतो का? मुलांजवळ राहू शकतो का?

सोयीसाठी, ज्याचा देश त्याला ‘घरचा’ म्हणू आणि येणाऱ्याला ‘बाहेरचा’. मग ती बाई असो वा पुरुष.

आत शिरताना

लग्नाचा दाखला दाखवला की दार उघडेल, ही समजूत पहिल्याच अर्जात गळून पडते. ब्रिटनमध्ये जोडीदाराला बोलवायचं तर एप्रिल 2024 पासून वर्षाला 29,000 पौंड उत्पन्न लागतं. त्याआधी हा आकडा 18,600 होता. खरी मेख आकड्यात नाही. बाहेरच्याचा आपल्या देशातला पगार कितीही असला तरी पहिल्या अर्जात तो धरत नाहीत. त्यामुळे अनेक वर्षं परदेशात राहून बायकोसह मायदेशी परतणारा ब्रिटिश माणूसही अडकतो. मोठी शिल्लक दाखवून सुटका होते, पण ती असायला हवी.

अमेरिकेत उत्पन्नाची अट त्या मानाने सौम्य आहे: सरकारी दारिद्र्यरेषेच्या 125 टक्के. मात्र घरचा जे हमीपत्र लिहून देतो ते घटस्फोटानेही संपत नाही. बाहेरचा नागरिक होईपर्यंत, त्याच्या नावावर कामाच्या साधारण 10 वर्षांचा हिशोब जमा होईपर्यंत, किंवा तो देश सोडेपर्यंत ते चालू राहतं. ही सही करताना किती जण कागद नीट वाचतात, कुणास ठाऊक.

कॅनडा या बाबतीत सरळ आहे. जोडीदारासाठी सहसा किमान उत्पन्नाची अट नाही, हमी तीन वर्षांची, आणि बाहेरच्याला पहिल्या दिवसापासून कायम वास्तव्य, म्हणजे पीआर. आधी नव्या जोडप्यांना दोन वर्षं एकत्र राहण्याची अट होती, ती 2017 मध्ये काढून टाकली. जर्मनी बहुतेक देशांतल्या जोडीदारांकडून येण्याआधीच जर्मन भाषेची ए-1 ही प्राथमिक पातळी मागते, पण आल्याबरोबर काम करायची मोकळीक देते. ऑस्ट्रेलियात व्हिसाची फीच 9,000 डॉलरच्या वर आहे, आणि कायमचा टप्पा अर्जानंतर साधारण दोन वर्षांनी येतो.

काही देश स्वतःच्याच नागरिकांशी जास्त कडक वागतात, आणि मला या विषयातली सर्वांत गमतीदार गोष्ट हीच वाटते. डेन्मार्कने 2002 मध्ये नियम केला की परदेशी जोडीदाराला आणायचं तर दोघांचंही वय किमान 24 हवं. मग कित्येक डॅनिश-परदेशी जोडपी सामुद्रधुनीपलीकडे स्वीडनमधल्या माल्मो शहरात राहायला गेली. घरचा रोज पुलावरून कोपनहेगनला कामाला जायचा. हे जमलं कारण युरोपीय संघाचा नागरिक संघातल्या दुसऱ्या देशात राहिला की त्याच्या जोडीदाराला 2004 च्या संघ-निर्देशाचे, म्हणजे सदस्य देशांना बांधील असलेल्या संघाच्या कायद्याचे, हक्क लागू होतात. भाषेची परीक्षा नाही, ठरावीक पगाराचा उंबरठा नाही, कामाची परवानगी आहे, आणि पाच वर्षांनी कायम वास्तव्य. आपल्याच देशात बसलेल्या नागरिकाला मात्र त्या देशाचा स्वतःचा कायदा लागू. म्हणजे नेदरलँड्समध्ये डच माणसापेक्षा तिथे राहणाऱ्या जर्मन माणसाला परदेशी बायको आणणं सोपं!

यातून परत येण्याचीही वाट आहे. सुरिंदर सिंग हे भारतीय नागरिक, त्यांची पत्नी ब्रिटिश. दोघं जर्मनीत काही काळ नोकरी करून ब्रिटनला परतली. त्यांच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने 1992 मध्ये ठरवलं की दुसऱ्या सदस्य देशात राहून परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदारालाही संघाचेच हक्क मिळतात. ब्रिटन संघाबाहेर पडल्यावर ब्रिटिशांसाठी ही वाट बंद झाली, पण आयरिश, डच, जर्मन जोडप्यांना ती उघडी आहे. फक्त तिकडे खरोखर संसार केलेला हवा. तीन महिन्यांहून कमी मुक्काम चालत नाही. तुमच्यापैकी एकाकडे संघातला पासपोर्ट असेल तर ‘तिसरा देश’ हा पर्याय हसण्यावारी नेऊ नका.

वाईट दिवस आला तर

लग्न ठरवताना घटस्फोटाचे नियम वाचणं अपशकुनी वाटतं. तरी वाचाच, कारण देशादेशांतला खरा फरक इथे दिसतो.

ब्रिटनमध्ये जोडीदार वारला, तर मागे राहिलेल्याला लगेच कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. घरात छळ होत असेल तरी तसा मार्ग आहे. पण नुसतं पटेनासं झालं आणि कायम वास्तव्यापर्यंतची ठरलेली वर्षं पूर्ण झालेली नाहीत, तर व्हिसा आखडता घेतला जातो. जर्मनीत संसार तीन वर्षं तिथे चालला असेल तर बाहेरच्याला स्वतंत्र रहिवास मिळू शकतो. संघाच्या निर्देशाखाली राहणाऱ्यांना लग्नाची किमान तीन वर्षं आणि त्यातलं एक वर्ष त्या देशात, असा हिशोब आहे. अमेरिकेत प्रवेशाच्या वेळी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचं सशर्त मिळतं, आणि अट काढायचा अर्ज साधारणपणे दोघांनी मिळून करायचा असतो. लग्न खरं होतं हे सिद्ध केलं तर एकट्यालाही करता येतो, पण पुराव्याचं ओझं त्याच्यावर. जपानमध्ये घटस्फोट किंवा जोडीदाराचा मृत्यू झाला की 14 दिवसांत कळवावं लागतं, आणि जोडीदार म्हणून सहा महिने राहत नसाल तर ते वास्तव्य रद्द होऊ शकतं. भारतात नोंदणीकृत लग्नाला दोन वर्षं झाल्यावर परदेशी जोडीदाराला ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळू शकतं. नोकरी-धंद्याला ते उत्तम आहे, पण मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि लग्न कायद्याने मोडलं तर जोडीदार म्हणून मिळालेलं कार्ड रद्द होऊ शकतं.

यावरून मी क्रम लावला तर कॅनडा सर्वांत वर ठेवीन. तिथे बाहेरच्याचा हक्क लवकर त्याच्या स्वतःच्या नावावर होतो. तुमच्या यादीतल्या देशांचाही असाच क्रम लावून बघा. तो पगाराच्या क्रमाशी क्वचितच जुळतो.

मुलं

मुलं हवी असतील तर बाकी सगळे मुद्दे बाजूला ठेवून हा परिच्छेद दोनदा वाचावा. मुलांच्या अपहरणाबाबतचा 1980 चा हेग करार शंभराहून अधिक देशांना लागू आहे. त्याचा गाभा असा: 16 वर्षांखालचं मूल जिथे नेहमी राहतं, त्या देशातून एका पालकाने दुसऱ्याच्या संमतीविना त्याला नेलं, तर मूल परत पाठवायचं आणि ताब्याचा निर्णय तिथल्याच न्यायालयाने करायचा. मुलाचं नागरिकत्व, आईचं माहेर, आजी-आजोबा, हे सगळं इथे दुय्यम ठरतं. म्हणजे मूल ज्या देशात लहानाचं मोठं होऊ लागलं, त्या देशाला ते एका अर्थाने बांधलं जातं. भारत या करारात नाही. मूल तिथे नेलं गेलं तर मागे राहिलेल्या पालकाला कराराचा आधार मिळत नाही. न्यायालय मुलाचं हित पाहून ठरवतं, आणि त्याला वेळ लागतो. घरच्याच्या बाजूने बघा किंवा बाहेरच्याच्या, दोघांनाही हे आधी माहीत असायला हवं.

आता हे रहिवासाच्या नियमांशी जोडून पाहा. लग्न मोडलं, बाहेरच्याचा व्हिसा संपला, पण मूल हलवता येत नाही. मग त्या पालकाचं काय? जर्मनीत जर्मन अल्पवयीन मुलाचा सांभाळ करणाऱ्या पालकाला त्या मुलामुळे रहिवास मिळू शकतो. ब्रिटनमध्येही पालकांसाठी वेगळा मार्ग आहे. अमेरिकेत अमेरिकन मूल 21 वर्षांचं होईपर्यंत आईवडिलांसाठी अर्ज करू शकत नाही. जपानमध्ये घटस्फोटानंतर मुलाचा कायदेशीर अधिकार एकाच पालकाकडे जायचा. 2024 मध्ये कायदा बदलला आणि एप्रिल 2026 पासून संयुक्त अधिकाराची सोय आली. बाहेरचा पालक म्हणून मी देश निवडत असतो तर पगाराचं पत्र उघडण्याआधी हे पाहिलं असतं.

काम आणि भाषा

संगणकाचं काम करणारा कुठेही गेला तरी फार तर पगाराला कात्री लागते. वकिलाला जवळजवळ पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. डॉक्टर मधे कुठेतरी: अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये परवान्याच्या परीक्षा, जर्मनीत त्याशिवाय वैद्यकीय जर्मन भाषेची परीक्षा. म्हणून दोघांपैकी ज्याचा पेशा परवान्याला बांधलेला आहे त्याने आपल्या देशात राहावं आणि ज्याचं काम पिशवीत मावतं त्याने हलावं, हा हिशोब मला ‘कुणाचा पगार मोठा’ यापेक्षा शहाणपणाचा वाटतो.

भाषेबद्दल एकच आकडा. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या अंदाजाने इंग्रजी बोलणाऱ्याला कामापुरती जपानी यायला वर्गातले 2,200 तास लागतात. स्पॅनिशला त्याच्या साधारण तिसरा हिस्सा. ‘तिकडे गेल्यावर येईलच’ असं घरचा म्हणतो, तेव्हा हे तास कोण भरणार आणि तोवर घर कुणाच्या पगारावर चालणार, हे विचारा.

थोडक्यात उरलेलं

नागरिकत्वात सिंगापूर, भारत आणि जपान दुहेरीला नाही म्हणतात. जर्मनीने जून 2024 पासून होकार दिला. एकजण अमेरिकन असेल तर तो जगात कुठेही राहिला तरी त्याला दरवर्षी अमेरिकेकडे कराचं विवरण भरावं लागतं, आणि जोडीदाराबरोबरच्या संयुक्त खात्याचीही माहिती द्यावी लागू शकते. युरोपीय संघातल्या बहुतेक देशांत वारसा शेवटच्या नेहमीच्या वास्तव्याच्या कायद्याने ठरतो, पण मृत्युपत्रात आपल्या नागरिकत्वाचा कायदा निवडता येतो. ते एक वाक्य लिहून ठेवायला विसरू नका.

आईवडिलांना बोलावून घेऊ, असं मनात असेल तर नियम आत्ताच पाहा. अमेरिकेत नागरिक झाल्यावर ते शक्य आहे, नुसत्या ग्रीन कार्डावर नाही. ब्रिटनमध्ये ते जवळजवळ अशक्य आहे. ऑस्ट्रेलियात स्वस्त मार्गाची रांग इतकी लांब आहे की तिला रांग म्हणणंही धाडसाचं.

समलिंगी जोडप्यांची यादी आपोआप छोटी होते. नेदरलँड्सने 2001 मध्ये पहिल्यांदा असे विवाह मान्य केले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये तशी मान्यता द्यायला नकार दिला. युरोपीय संघात मात्र 2018 पासून असा निकाल आहे की जोडप्याचं लग्न संघातल्या एखाद्या देशात झालं असेल, तर रहिवासापुरतं ते इतर सदस्य देशांनी मानलंच पाहिजे.

तिसरा देश, संघाबाहेरचा

दोघंही परके म्हणजे भांडणात कुणाचंच पारडं जड नाही, हे खरं. पण इथे घरचा कुणीच नसतो आणि सगळा संसार एका नोकरीच्या व्हिसावर उभा राहतो. अमेरिकेत एच-1बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त 60 दिवस असतात, आणि त्याच्या एच-4 वरच्या जोडीदाराला एरवीही सर्रास काम करता येत नाही. आखाती देशांत पगारावर कर नाही, पैसा साठतो, पण वास्तव्य साधारणपणे नोकरीशीच बांधलेलं. माझं मत: तिसरा देश मूल नसताना, दोघांना स्वतंत्र कामाचा परवाना मिळत असेल तर, आणि किती वर्षं ते आधी ठरवून.

आधी कुठे, नंतर कुठे

‘कुठला देश’ असं विचारताना ‘कुठल्या क्रमाने’ हे बहुतेक जोडपी विचारत नाहीत. समजा, पुढे कधीतरी दोन्ही देशांत राहायचं आहे. मग जिथे हक्क मिळायला वेळ लागतो आणि सोडला की निसटतो, तो देश आधी पूर्ण करा. अमेरिकन नागरिकाशी संसार करणाऱ्याला ग्रीन कार्डानंतर तीन वर्षांनी नागरिकत्व मागता येतं. ते न घेता बाहेर पडलात आणि वर्षाहून जास्त राहिलात तर कार्डच धोक्यात. ब्रिटिश जोडीदारासह कायम वास्तव्यापूर्वी बाहेर गेलात तर परतताना उत्पन्नाची अट पुन्हा समोर. कॅनडात पीआर टिकवायला पाच वर्षांत 730 दिवस राहावं लागतं, पण कॅनेडियन नवरा किंवा बायकोबरोबर परदेशात काढलेले दिवसही त्यात मोजता येतात. म्हणून दोघांपैकी एकजण कॅनेडियन असेल तर आधी तिथे जाऊन पीआर घ्या आणि मग बाहेरच्याच्या देशात चार-पाच वर्षं निवांत काढा. फक्त तिकिटं, भाडेकरार आणि दोघांच्या नावांची बिलं सांभाळून ठेवा. दिवस मोजायची वेळ आली की तेच मागतात.