दहा महिने एन.व्ही.डी.ए.: कानानं इंटरनेट वाचताना

गेल्या दिवाळीनंतर माझी नजर इतकी कमी झाली की स्क्रीनवरची अक्षरं कितीही मोठी केली तरी लागेनात. रेटिनायटिस पिग्मेंटोसा, म्हणजे डोळ्यांतला पडदा हळूहळू निकामी करणारा आजार. हे होणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तरी व्हायचं तेव्हा ते एकदम झाल्यासारखंच वाटलं. तेव्हापासून लॅपटॉपवर एन.व्ही.डी.ए. हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरते आहे, रोज चार-पाच तास.

विंडोजवर चालणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ मध्ये ते लिहायला घेतलं, आणि पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही अंध, लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात त्यांची ओळख झालेली. बनवणाऱ्यांना रोज हेच वापरायचं आहे, हे पदोपदी जाणवतं. बोलणं थांबवायचं असेल तर कंट्रोल दाबायचं, क्षणात गप्प. दारावर कुणी आलं, फोन वाजला, की हे किती लागतं ते वापरणाऱ्यालाच कळतं.

मराठीसाठी त्यात ई-स्पीक या, लिहिलेलं बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामचा आवाज येतो. खरं सांगते, पहिला आठवडा डोकं दुखलं. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, आणि बोलताना आपण शब्दाच्या मध्ये जो 'अ' गिळतो तो हा कधी गिळतो, कधी ठासून उच्चारतो. पण तोच आवाज वेग वाढवल्यावरही फाटत नाही. मी वेगाच्या ३० या आकड्यावर सुरुवात केली, आता ६५ वर ऐकते. घरच्यांना त्यातलं अक्षर कळत नाही, मला सगळं कळतं.

वेबपान वाचायची युक्ती मात्र कुणीतरी शिकवायला हवी. मी पहिला महिनाभर बाण दाबत वरपासून खालपर्यंत सगळं ऐकत बसायची: मेनू, जाहिरात, पुन्हा मेनू. मग भाचीनं एच ही कळ दाखवली. एच दाबलं की पुढचं शीर्षक, के दाबलं की पुढची लिंक, बी म्हणजे बटण, टी म्हणजे तक्ता. बातम्यांच्या पानावर आठ-दहा वेळा एच दाबते, हवी ती बातमी आली की थांबते. डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो ना, तेच काम. फक्त ते शीर्षक बनवणाऱ्यानं शीर्षक म्हणून नोंदवलेलं असावं लागतं. नुसतं ठळक आणि मोठं केलेलं असेल, तर ते मला ओळ म्हणूनच ऐकू येतं.

इथंच खरं दुखणं आहे. माझ्या बँकेच्या साइटवर पैसे पाठवायच्या पानावर टॅब दाबत गेले: "बटण. बटण. ग्राफिक. बटण." मुलाला बोलावलं. तो म्हणाला, "आई, पहिलं 'मागे', दुसरं 'रद्द करा', आणि शेवटचं 'पाठवा'." बाण, फुली असली चित्रं काढलेली, नावं कुठेच दिलेली नाहीत. कोडमध्ये एका बटणाला नाव द्यायला एक ओळ पुरते. वेब सर्वांना वापरता यावं म्हणून डब्ल्यू.सी.ए.जी. हे नियम १९९९ पासून आहेत, आणि चित्राला शब्दांत पर्याय द्या हा त्यातला अगदी पहिला. ३० एप्रिल २०२५ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवताना, डोळे मिचकावून दाखवा, ही अट ज्यांना पाळता येत नव्हती त्यांच्या याचिकांवरचा तो निकाल. तो ऐकला त्या दिवशी मी रडले.

मराठी वाचकाची आणखी एक अडचण, जी इंग्रजीवाल्यांना सहसा येत नाही. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फाँटमध्ये केलेल्या पीडीएफ. डोळ्यांना स्वच्छ मराठी, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर आतलंच वाचतो, त्यामुळे 'महाराष्ट्र'च्या जागी ई, ओ, डॉलर, कंस असलं काहीतरी ऐकू येतं. जुने दिवाळी अंक, कितीतरी परिपत्रकं अशीच पडून आहेत. स्कॅन केलेलं पान असेल तर मी ते गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडते, बऱ्यापैकी मजकूर हाती लागतो. जोडाक्षरं चुकतात, तेवढी संदर्भानं लावून घेते.

लिहिण्याचं म्हणाल तर इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कीबोर्डवरची कळांची मांडणी, शिकाच. एफ आणि जे या कळांवर जे बारीक उंचवटे असतात, तिथं ऱ्हस्व वेलांटी आणि 'र' येतात. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. मला दीड महिना लागला. शुद्धलेखनासाठी मात्र शब्द अक्षराअक्षरानं ऐकावा लागतो, कारण ऱ्हस्व-दीर्घाचा फरक माझ्या कानाला पटकन लागत नाही. हा मजकूर असाच लिहिला आहे.

बँकेला मी जूनमध्ये पत्र लिहिलं, कोणत्या पानावर कितवं बटण ते मोजून. ऑगस्टमध्ये एका रात्री टॅब दाबला आणि ऐकू आलं, "पाठवा, बटण." मुलाला न उठवता लाइटबिलाचे पैसे भरले. त्यांचा कॅप्चा, म्हणजे तुम्ही यंत्र नाही माणूस आहात हे तपासणारी अक्षरं, अजून चित्राचाच आहे, ऐकायचा पर्याय नाही. त्याबद्दल दर महिन्याच्या १ तारखेला पत्र जातं.